चौदा ते अठरा या वयाला वाली कोण? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



आपल्या राज्यातलं मूल आठवी पास होतं तेव्हा त्याच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी एकदम बंद होतात. शालेय पोषण आहाराची खिचडी बंद होते, कारण ती पहिली ते आठवीसाठी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र जातं, कारण ते सहा ते चौदा वयापुरतं आहे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर ज्या हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मूल गावात मागे राहू शकत होतं, तेही आठवीपर्यंतच. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आली, पण चौदा पूर्ण झालेल्याला 'किशोर' ठरवून धोकादायक नसलेल्या कामाची मुभा राहिली. प्रत्येक खात्यानं आपापल्या नियमात चौदाचा आकडा घातला, त्यामागे प्रत्येकाची कारणंही असतील. नववीत बसलेल्या मुलीच्या वाट्याला मात्र या सगळ्यांची बेरीज येते.

त्यानंतर सरकारला ती पुन्हा दिसते ती गरोदर माता म्हणून. आशाताईच्या वहीत तिचं नाव चढतं, तिचं वजन होतं, रक्त तपासलं जातं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात, १०८ ची गाडी दारात येते. हे सगळं चांगलंच आहे. पण हे व्हायला तिला आधी आई व्हावं लागतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत आले. नोकरीची सगळी वर्षं मराठवाड्यात गेली. दसरा उलटला की हजेरीपटावर एकेका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, हंगाम संपून साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत त्या तशाच राहतात आणि काही नावांपुढे कायमच्या राहतात, हे तिथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. म्हणून या पत्रात मी सगळ्या महाराष्ट्राबद्दल थोडं आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींबद्दल जास्त लिहिणार आहे. राज्याच्या धोरणातली ही फट सर्वांत रुंद कुठे आहे, ते त्यांच्याकडे पाहिलं की कळतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. राज्याची सरासरी देशापेक्षा थोडी बरी आहे. बीड जिल्ह्यात हाच आकडा ४३.७ टक्के होता आणि परभणीत तर जवळपास निम्म्या मुली. या आकड्यांवर सभागृहात चर्चा होते तेव्हा लोकांचं अज्ञान, परंपरा, मागासलेपण असे शब्द येतात. माझा अनुभव वेगळा आहे. वर्गात आलेल्या आयांपैकी एकीलाही आपल्या मुलीचं लग्न पंधराव्या वर्षी व्हावं असं मनापासून वाटत नव्हतं. त्यांना घोर होता. मुलगी वयात आली, आपण सहा महिने फडावर जाणार, घरी म्हातारी सासू. मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं? बरोबर न्यावी तर तिकडे पाचटाची कोपी, कोपीला दार नाही, आडोशाला न्हाणी नाही, पहाटे अंधारात फडात जायचं. मग एखादं स्थळ येतं, 'हात पिवळे करून टाकू, जिवाचा घोर तरी जाईल' असं कोणी म्हणतं, आणि आठ दिवसांत सगळं उरकतं.

त्यात मजूर नेणाऱ्या मुकादमाचा हिशोबही असतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचंही लग्न लावलं जातं, कायद्यानं त्याचं वय २१ असायला हवं हे सगळ्यांना ठाऊक असूनसुद्धा. त्या पोराबद्दल आपण फार बोलत नाही. तोही किशोरवयातच उचलीच्या कर्जात, मोळ्या वाहण्यात आणि माव्याच्या पुडीत अडकतो.

आता शरीराचं सांगते. मी विज्ञानाची शिक्षिका आहे आणि धोरण आखताना नेमकं हेच मागे पडतं असं मला वाटतं. दहा ते एकोणीस या काळात माणूस प्रौढपणीच्या उंचीतला जवळपास पाचवा हिस्सा आणि वजनातला निम्म्यापर्यंत हिस्सा कमावतो. हाडांत कॅल्शियमचा साठा होतो तो मुख्यतः याच वर्षांत, नंतर तो फारसा वाढवता येत नाही. मुलींची पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जातं. मुलांचे स्नायू वाढतात, त्यांनाही लोह लागतं. पाळी आली म्हणजे मुलीची वाढ पूर्ण झाली, असं समजलं जातं. ते खरं नाही. कमरेची हाडं, ज्यांतून उद्या बाळ बाहेर यायचं आहे, ती उंची थांबल्यावरही काही वर्षं रुंदावत राहतात. सोळाव्या वर्षी पोटात बाळ आलं तर आईचं स्वतःचं वाढतं शरीर आणि पोटातलं बाळ, दोघं एकाच ताटातून घास घेतात. ताट आधीच अर्धं असतं. मग बाळ कमी वजनाचं होतं आणि आईच्या अंगात रक्त उरत नाही. विकसनशील देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींना वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख वेळा दिवस जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बीडची मुलगी या मोठ्या संख्येत एकटी नाही.

म्हणजे शरीराला अन्नाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वर्षांत आपण शाळेतलं अन्न थांबवतो. देशात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. आधीच्या फेरीत, २०१५-१६ साली, ते प्रमाण ५४.१ टक्के होतं. ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. मुलांमध्येही ३१.१ टक्के.

यावर उपाय म्हणून सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी द्यायची योजना देशात दहा वर्षांहून जास्त काळ चालू आहे. योजना शास्त्रशुद्ध आहे, गोळी फुकट आहे आणि ती शाळेत पोचतेही. पण ही गोळी पोटात अन्न असताना घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, पोटात कालवतं. सातवीच्या वर्गात खिचडीनंतर गोळी दिली की ती गिळली जाते. नववीच्या वर्गात, सकाळी चहावर आलेल्या मुली ती मुठीत धरून ठेवतात आणि नंतर खिडकीबाहेर टाकतात. एका मुलीला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग गोळी नाकारतो. खिडकीखाली पडलेल्या गोळ्या वाटपाच्या अहवालात दिसत नाहीत, तिथे शंभर टक्के वाटप झालेलं असतं. आणि शाळा सोडलेली मुलगी निदान अंगणवाडीतून या योजनेत येते, शाळा सोडलेला मुलगा तर तिच्यात धरलेलाच नाही.

नववी-दहावीला जेवण द्यायचं तर पैसा कुठून आणायचा, असं वित्त विभाग म्हणेल. तमिळनाडूनं १९८४ सालीच शाळेतलं जेवण दहावीपर्यंत नेलं. कर्नाटक आणि आंध्रातही दहावीपर्यंत जेवण मिळतं. ही राज्यं आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत म्हणून त्यांनी हे केलं, असं कोणी म्हणू शकणार नाही.

मुलींसाठी आपल्या राज्यानं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. गावातून शाळेला जाणाऱ्या मुलींना एसटीचा फुकट पास आहे, मानव विकास कार्यक्रमातल्या बस आहेत. या बसमुळे हजारो मुली दहावीपर्यंत पोचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१७ साली अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर फोन केला की माणसं येतात. २०२१ साली सामाजिक न्याय विभागानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आणली. एका वसतिगृहात शंभर मुलं. हे मोठं पाऊल आहे. पण स्थलांतर करणाऱ्या कामगारांची संख्या लाखांत आहे आणि ८२ गुणिले शंभर म्हणजे ८,२००.

पुढच्या मुद्द्यावर मी आपला जास्त वेळ घेणार आहे. लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर, पहिलीत, सहावीत आणि अकरावीत थोडी थोडी रक्कम आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत. या योजनेतली पहिली मुलगी चौदा वर्षांची होईल २०३७ मध्ये आणि अठराची होईल २०४१ मध्ये. दुसरीकडे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २१ वर्षांपासून सुरू होते. मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे, ती बारावी पार केलेल्या मुलींना. आज नववीत बसलेली, या दिवाळीत आईबापाबरोबर फडावर जाणारी मुलगी या तिन्ही योजनांत कुठेच नाही. तिच्यासाठी कोणी वाईट विचार केला असं मी मानत नाही. तिचा विचारच कोणी केला नाही.

केंद्राच्या योजनेतही तेच झालं. किशोरवयीन मुलींना अंगणवाडीतून पूरक आहार देणारी योजना २०२२ पासून चौदा ते अठरा वयासाठी केली गेली. वय अगदी नेमकं निवडलं होतं. पण ती ईशान्येकडची राज्यं आणि देशातले आकांक्षित जिल्हे एवढ्यापुरती ठेवली. महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बीड त्यात नाही, परभणी नाही, जालना नाही.

नुसते पैसे देऊन भागत नाही, हेही मान्य. पश्चिम बंगालनं २०१३ साली कन्याश्री सुरू केली. शिकत राहिलेल्या आणि लग्न न झालेल्या मुलीला दरवर्षी शिष्यवृत्ती आणि अठराव्या वर्षी २५ हजार. योजनेचं जगभर कौतुक झालं, संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. शाळेत मुली टिकल्या. पण २०१९ ते २१ च्या पाहणीत बंगालमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या पुढेच होतं. अठराव्या वर्षीचं बक्षीस पंधराव्या वर्षीचा घोर घालवू शकत नाही.

मग कशानं जातो? याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक साधा प्रयोग केला. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई, संध्याकाळी रोज एक तास, गावातल्या अविवाहित मुली, शाळेतल्या आणि शाळा सोडलेल्याही. त्या तासात पाळी, आहार, शरीर, कायदा, बँक, ग्रामपंचायत, आणि आपलं म्हणणं वडिलांसमोर कसं मांडायचं, हे सगळं शिकवलं जाई. तीन-चार वर्षांत त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरा झालं. एक वर्ष पुढे गेलं म्हणजे फार काय झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सोळाव्या आणि सतराव्या वर्षीच्या बाळंतपणातला फरक एखाद्या परिचारिकेला विचारावा. बांगलादेशात खुलना, सातखीरा आणि नराईल या जिल्ह्यांत पुढे असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. मुलींना एकत्र यायला हक्काची जागा, अभ्यासाला मदत, हक्कांची माहिती, हाताला काही कौशल्य. तिथे बालविवाह पाव ते तिसऱ्या हिश्शानं घटले. दोन्हीकडे मुलीला घराबाहेर एक सुरक्षित जागा मिळाली आणि तिच्याशी बोलणारी एक मोठी बाई मिळाली. आईबापाला भरवसा वाटला.

शरीराबद्दल मोकळेपणी बोलण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास दोन्ही बाजूंचा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. याच राज्यानं २००७ साली शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाला विरोध करून ते थांबवलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, हे १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यांतल्या फार थोड्या बायकांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. पुढे त्यांनीच 'तारुण्यभान' हे किशोरांसाठीचं शिबिर उभं केलं. म्हणजे मराठी माणसाला हे बोलता येतं, मराठीत बोलता येतं. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र मानवी प्रजननाचा धडा दहावीत येतो. ज्या मुलींना त्याची सर्वांत निकड आहे त्यांच्यातल्या कितीतरी त्याआधीच शाळेतून गेलेल्या असतात. आणि जिथे धडा येतो तिथेही तो 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला जातो, हे शिक्षकांनीही आता प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. कागदावर तो उत्तम आहे. आहार, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा आणि अपघात, व्यसनं, पुढे होणारे मधुमेहासारखे आजार, सगळं त्यात आहे. आपल्याकडे त्याची किशोरांसाठीची 'मैत्री' क्लिनिकं आहेत. ती ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत असतात, शाळेच्या वेळेत उघडी असतात आणि केसपेपर काढायच्या रांगेत मुलीच्या गावची चार माणसं उभी असतात. तिथे जाऊन ती पांढरं जातंय हे कोणाला सांगेल? मुलगा स्वप्नदोषाबद्दल कोणाला विचारेल? तो भोंदू वैद्याच्या जाहिरातीकडे किंवा मोबाइलकडे जातो. आणि मनाच्या दुखण्याचं तर बोलायलाच नको. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या होत्या.

गुप्ततेबद्दल एक तातडीची गोष्ट. अठराखालच्या मुलीला दिवस गेले असतील तर डॉक्टरनं पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या भीतीनं मुली आणि त्यांचे आईबाप सरकारी दवाखान्यात येतच नाहीत, कुठेतरी चोरून गर्भपात होतो किंवा वय वाढवून सांगितलं जातं. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची आणि तिच्या पालकांची तशी विनंती असेल, तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत, प्रत्येक परिचारिकेपर्यंत आणि प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत मराठीत, लेखी पोचायला हवा. यासाठी फक्त एका परिपत्रकाचा खर्च आहे.

तसंच ग्रामसेवकाचं. गावात तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्याला सरपंचाबरोबर रोज काम करायचं आहे, ज्या घरी मांडव पडला आहे त्याच घरातून घरपट्टी वसूल करायची आहे. मांडवात जाऊन लग्न थांबवण्याचं सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं आहे. हे काम तालुक्याच्या पातळीवरच्या, गावाशी ज्यांचे हितसंबंध नाहीत अशा अधिकाऱ्याकडे असावं. आणि लग्न थांबवल्यानंतर त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायला सहा महिन्यांनी पुन्हा कोणीतरी जावं. आज कोणी जात नाही. थांबवलेली कित्येक लग्नं महिन्याभरात दुसऱ्या गावी लागतात.

हे सगळं ज्यांच्या वेळी झालं नाही, त्या मुलींचं पुढे काय होतं, तेही राज्याच्या दप्तरात आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची विधिमंडळात चर्चा झाली आणि २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच मोळी डोक्यावर, पाळीत धुवायला पाणी नाही, पांढरं जायला लागलं की वर्षानुवर्षं उपचार नाही, आणि शेवटी 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. समितीनं पाहिलं ते या साखळीचं टोक. तिची सुरुवात नववीच्या वर्गात रिकाम्या झालेल्या बाकापाशी आहे.

मुख्यमंत्री महोदय, हे पत्र मी आरोग्यमंत्र्यांना किंवा शिक्षणमंत्र्यांना लिहिलं नाही, कारण ही मुलगी कोणत्याही एका खात्याची नाही. जेवण शिक्षण खात्याकडे, गोळी आरोग्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, वसतिगृह सामाजिक न्यायकडे, फडावरची कोपी कामगार आणि सहकार खात्याकडे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार फक्त आपल्याकडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंही तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य केली आहे, त्यामुळे धोरणाचा आधारही आपल्या हाताशी आहे.

येत्या दसऱ्याला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघायच्या आत एक शासन निर्णय काढा. शाळेतलं जेवण बारावीपर्यंत, सुरुवात बीड, परभणी, जालना या जिल्ह्यांपासून. हंगामी वसतिगृह आठवीऐवजी बारावीपर्यंत, मुलीच्या स्वतःच्या गावात. प्रत्येक स्थलांतराच्या गावात संध्याकाळी मुलींसाठी एक तास आणि तो घेणाऱ्या बाईला मानधन. आणि आशाताईच्या वहीत दहा ते एकोणीस वयाच्या प्रत्येक मुलामुलीसाठी एक पान, लग्न किंवा गर्भ यांची वाट न पाहता. गेल्या हंगामात माझ्या शाळेच्या नववीतून गेलेल्या मुली आता परत येणार नाहीत. यंदाच्या नववीतल्या अजून वर्गात आहेत.

आपली,
मराठवाड्यातली एक निवृत्त शिक्षिका